बाभळीपाशी बंद होणारा माईक

मी राहते त्या नगरच्या सोसायटीखाली रोज सकाळी भाजीची गाडी येते. गाडीवाला स्वतः ओरडत नाही. गाडीला लावलेल्या छोट्या कर्ण्यातून त्याचाच रेकॉर्ड केलेला आवाज येत राहतो. गवार संपलेली असली तरी तो आवाज 'ताजी गवार' म्हणतो, आणि गाडीवाला शेजारी उभा राहून मान हलवत "गवार न्हाई, मावशी" असं सांगतो. बायका हसतात. मला हसू येत नाही. तो आवाज आला की हातातलं काम टाकून मी गॅलरीत जाते आणि गाडी वळेपर्यंत उभी राहते. माझा मुलगा पुण्यात जाहिरातींच्या कंपनीत आहे. मोबाईलवर कोणाला कोणती जाहिरात दिसावी, असलं काहीतरी त्याचं काम. तो म्हणतो, "आई, आता जाहिरात कोणी बघत नाही. आली की लोक पुढे ढकलतात. म्हणून जाहिरात वाटणार नाही अशी जाहिरात करावी लागते." तो हे काही नवीन सांगतोय असं त्याला वाटतं. जाहिरात कशाला म्हणायचं, या एका प्रश्नावर आमच्या घरात दोन माणसांनी एकमेकांशी बोलणं सोडलं होतं, हे मी त्याला नीट कधी सांगितलं नाही. आता लिहून ठेवते.

आमचं घर सोनईच्या कडेला, ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, पडवीला मातीचा ओटा. ओटा आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा. आत आई, आण्णा आणि मी. आण्णा म्हणजे माझे वडील. ते साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. हंगामात आमच्या घराचं घड्याळ म्हणजे कारखान्याचा भोंगा. पहिल्या भोंग्याला आई चूल पेटवायची, दुसऱ्याला आण्णांच्या सायकलची चेन खडखडायची. मळीचा आंबूस वास अंगणात येऊन बसायचा, आणि आम्हाला तो वास आहे हेसुद्धा पाहुणे आल्यावरच कळायचं. बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्याची आमटी, शेंगदाण्याची चटणी. थंडीत आबांसाठी हुलग्याचं माडगं. ते दोन्ही हातांनी वाटी धरून फुंकत प्यायचे आणि शेवटचा घोट माझ्यासाठी ठेवायचे. हंगाम संपला, भोंगा थांबला, की घर एकदम मुकं व्हायचं. आण्णांना मग मिळेल ते काम करावं लागे.

आण्णांच्या आवाजाविषयी सांगायला हवं. तो मोठा नव्हता, भरलेला होता. जयंतीला वस्तीत माईक यायचा आणि रात्रभर वक्त्यांची नावं पुकारायचं काम आण्णांकडे असायचं. नाव पुकारलेला माणूस व्यासपीठावर येईपर्यंत थोडा उंच झालेला वाटायचा. त्या दिवशी आबा ओट्यावर ताठ बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "पोराचा आवाज माह्यावर गेलाय." खरंच गेला होता. पण आबांनी स्वतः तो आवाज कधीच गिळून टाकला होता.

कारण असं, की आबांच्या तरुणपणी गावाची दवंडी आमच्या घराकडे होती. हौसेनं नव्हे, गावकीच्या कामांपैकी एक काम म्हणून. घुंगराची काठी आपटत गल्लीगल्लीतून फिरायचं आणि गाव सांगेल ते ओरडायचं. सरकारी वसुली, हरवलेली म्हैस, उद्याची गावसभा. ज्या सभेची दवंडी द्यायची त्या सभेत बसायचं नाही. ज्या दारापुढं ओरडायचं त्या दाराची पायरी चढायची नाही. धम्मदीक्षा घेतल्यावर वस्तीनं गावकी सोडली. आबांनी काठी चुलीत घातली, आणि तीवर भाकरी भाजल्या, असं आजीच्या तोंडून आईनं ऐकलेलं होतं. आबा एवढंच म्हणायचे, "माह्या गळ्यात गाव बसलं हुतं. उठिवलं."

एका जयंतीला नेवाशाच्या साडीच्या दुकानाचे शेठ काही कामानं आमच्या गावात आले होते. त्यांनी आण्णांचा आवाज ऐकला आणि चार दिवसांनी दुकानाचा टेम्पो आमच्या दारात उभा केला. टेम्पोच्या टपावर दोन कर्णे, आत बॅटरी आणि माईक. चालवायला रफिकचाचा, जे सगळ्या रस्त्याला एकच गाणं गुणगुणायचे. काम साधं. सणासुदीच्या आधी आणि लग्नसराईत गावोगाव फिरायचं, दुकानात काय आलंय ते सांगायचं. आण्णांनी आईला विचारलं, आईनं माझ्याकडे पाहिलं. मी त्या वर्षी नेवाशाच्या कॉलेजात नाव घातलं होतं. एवढ्यावर ते ठरलं. माझी पदवी त्या माईकवर झाली आहे, हे मी आजही कोणालाही मान वर करून सांगते.

आबांना मात्र संध्याकाळीच कळलं. आण्णा सायकल भिंतीला टेकवत होते तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला, "काठी कुठं ठिवली?"

"कसली काठी, आबा?"

"दवंडीची. मी जाळली हुती, तुला दुसरी घावली वाटतं."

आण्णा हसले. त्यांना वाटलं समजावता येईल. "आबा, ही दवंडी न्हाई. जाहिरात हाय. दवंडी हुकमाची असती, ही मजुरीची. तुमी लोकांच्या दाराबाहेर उभं राहून वरडायचे, मी गाडीत बसून बोलतो आन् लोक उभं राहून ऐकत्यात."

"हुकूम देनारा बदलला. बाकी काय बदललं ते सांग."

"मला नको म्हनता येतं. हे बदललं."

"मंग म्हन की नको."

आण्णा आत आले. आबांनी आतल्या बाजूला तोंड करून, आईला आणि मला ऐकू जाईल असं सांगितलं, "ह्या वस्तीत त्या गाडीवरनं त्याचा आवाज शिरला, तर त्या दिशी ह्या घरचं पानी पिनार न्हाई म्या." आण्णा आतून म्हणाले, "न्हाई येनार." दोघांनीही शब्द दिला. आमच्या घरात दिलेला शब्द मोडत नसत. मला पुष्कळदा वाटतं, मोडणारे असते तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून दोघांमधलं बोलणं आमच्यामार्फत चालू लागलं. "तुह्या नवऱ्याला सांग, पडवीचा पत्रा उडायला आलाय." "तुमच्या सासऱ्यास्नी सांगा, रविवारी बसवतो." आई कधीकधी वैतागून मध्येच उभी राहायची आणि म्हणायची, "मी काय टपाल खातं हाय का? घ्या की एकमेकाकडं बघून!" मग दोघेही माझ्याकडे बघायचे.

टेम्पोचा रस्ता ओढा ओलांडून आमच्या वस्तीतूनच पुढच्या गावांना जायचा. ओढ्याच्या गावाकडच्या अंगाला एक बाभूळ होती. तिथपर्यंत आण्णांचा आवाज यायचा. "बंधूंनो आणि भगिनींनो, लग्नाचा बस्ता बांधायला..." आणि बाभळीपाशी आला की मधेच तुटायचा. टेम्पो मुक्यानं वस्तीतून जायचा, आण्णा मान खाली घालून बसलेले असायचे, आणि पलीकडच्या वळणावर गेल्यावर आवाज पुन्हा सुरू व्हायचा, तुटला होता त्याच शब्दापासून. रफिकचाचांनी त्या बाभळीचं नाव 'बटन' ठेवलं होतं. "आण्णा, बटन आलं." वस्तीतल्या बायका कुरकुर करायच्या. शेजारची गयाकाकू तर आण्णांना रस्त्यात गाठून म्हणाली, "साऱ्या तालुक्याला सांगत हिंडता, आन् आमच्या दारात आलं की दातखीळ! आमी लुगडी नेसत न्हाई का काय?"

आण्णांचं काम चाललं, त्याचं कारण आवाज एवढंच नव्हतं. ते कापडाविषयी खोटं बोलत नसत. नवा माल आला की शेठकडून एक तुकडा मागून आणायचे. आई तो गरम पाण्यात बुडवून दगडावर घासायची आणि कुंपणावर वाळत घालायची. पाणी स्वच्छ राहिलं तर दुसऱ्या दिवशी माईकवर 'रंगाची खात्री' हे शब्द यायचे. एकदा गुलाबी साडीच्या तुकड्यानं बादलीभर पाणी गुलाबी केलं. आण्णांनी त्या आठवड्यात किंमत सांगितली, काठ सांगितला, पदर सांगितला, रंगाविषयी अवाक्षर काढलं नाही. बायकांच्या ते लगेच ध्यानात आलं. दुकानात जाऊन त्या विचारू लागल्या, "आण्णा रंगाचं बोलले न्हाईत. का वं?" शेठनी आण्णांना बोलावून झापलं. आण्णा म्हणाले, "शेठ, मी वाईट बोललो न्हाई. नुसतं बोललो न्हाई." त्या वयात मला तो विनोद वाटला होता. आता वाटतं, त्या बायका आण्णांची जाहिरात ऐकत नव्हत्या, त्यांचं गप्प राहणं ऐकत होत्या. माझ्या मुलाला मी हे एकदा सांगितलं. तो म्हणाला, "याला आमच्यात फार किंमत आहे, पण हे विकत मिळत नाही."

आबांच्या डोळ्यांवर तोवर सारा, म्हणजे मोतीबिंदूचा पडदा, धरला होता. माडग्याच्या वाटीला हात लागून ती कलंडू लागली. मला ते पावलांवरून ओळखायचे, आणि चुकले तर म्हणायचे, "चप्पल बदलली व्हय?" पण डोळ्यांबद्दल काही विचारलं की, "बघायचं ते बघून झालंय," असं म्हणून विषय संपवायचे. अशात नेवाशाला डोळ्यांचं मोफत शिबिर ठरलं. नगरहून डॉक्टर येणार होते, मोतीबिंदूची तपासणी तिथंच आणि पुढचं ऑपरेशनही फुकट. गावोगाव सांगायला शेठनी टेम्पो दिला. टेम्पोवर कापडी फलक लावला, त्यात शिबिराच्या नावापेक्षा साडीच्या दुकानाचं नाव मोठं होतं. रफिकचाचा म्हणाले, "म्हाताऱ्यांना शिबिर दिसायचं न्हाई, दुकान तेवढं दिसंल."

आदल्या संध्याकाळी आण्णा जेवायला बसले. आबा भिंतीपलीकडे ओट्यावर होते. आण्णांनी घास हातात तसाच धरला आणि आईकडे बघत, पण आईला लागेल त्याहून मोठ्यानं म्हणाले, "उद्या नेवाशाला डोळ्याचं शिबिर हाय. गाडी गावागावातनं म्हातारी मानसं घेऊन जानार. फुकट हाय."

बाहेरून आबा म्हणाले, "नंदे, तुहा बाप भिताडाला सांगून ऱ्हायला का कोनाला?"

मी म्हणाले, "आबा, तुम्हालाच सांगतायत ते."

"माह्या नावानं सांगितलेलं मला ऐकू आलं न्हाई."

आण्णांनी घास खाली ठेवला. आईनं डोळ्यांनी खुणावलं, उठा, जा. ते उठतील असं मला वाटलं. ते अर्धे उठलेही. मग बसले आणि जेवू लागले. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनी पुढे कधीतरी मला सांगितलं. ते म्हणाले, शिबिर खरं होतं, डॉक्टर खरे होते, पण ते सांगायची मजुरी शेठकडून घेतली होती. दाराशी जाऊन आबांना सांगितलं असतं आणि आबा म्हणाले असते, 'आता घरात दवंडी आनली व्हय,' तर मला ते सोसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. सकाळी आई शेतावर गेली, मी भाकऱ्या थापत होते. आबांनी मला धोतर मागितलं. नेहमीचं नाही, धुतलेलं. मग पटका मागितला. पटका ते जयंतीला आणि मयतीलाच बांधायचे. मी विचारलं, "आबा, कुठं निघालात?" ते म्हणाले, "कुठं न्हाई. बसलोय." हातात काठी घेऊन, दोन्ही पाय ओट्याखाली सोडून, ते रस्त्याकडे तोंड करून बसले. मी भाकरीकडे वळले.

लांबून आण्णांचा आवाज येऊ लागला. त्या दिवशी तो फार चांगला लागला होता. "माझ्या आयांनो आणि बापांनो, डोळ्यापुढं धूर दिसतोय का? नातवाचं तोंड पुसट झालंय का? गाडी तुमच्या दारात आलीय, नुसतं उठून बसा." इतक्या सोप्या शब्दांत कोणी कोणाला बोलावलेलं मी ऐकलं नव्हतं. आवाज जवळ जवळ येत गेला, आणि बाभळीपाशी तुटला.

टेम्पो वस्तीतून मुक्यानं गेला. मी दारात आले तेव्हा तो पुढे निघाला होता. मागे चार-पाच म्हातारी माणसं दाटीनं बसलेली. पुढे आण्णा, मान खाली. नेहमी वस्तीतून जाताना घालत तशीच. वळणावर आवाज सुरू झाला, "...आपलीच माणसं आहेत, लाजू नका." आबा उठले नव्हते, पण काठी त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, उठायच्या बेतात माणूस धरतो तशी. भाकरी करपल्याचा वास आला म्हणून मी आत धावले. भाकऱ्या उरकून परत आले तेव्हा ते पटका सोडत होते. उन्हं डोक्यावर आली होती. त्यांनी पटक्याची नीट घडी घातली, माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "ठिवून दे."

संध्याकाळी मी हे आईला सांगितलं आणि आईनं आण्णांना. "धोतर-पटका करून बसले हुते. तुमी हाक माराल म्हनून." आण्णा भाकरीचा तुकडा मोडत होते, तो त्यांनी परत ताटात ठेवला. ते बाहेर गेले. ओट्यापाशी उभे राहिले. आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपले नव्हते, हे मला दारातून कळत होतं, म्हणजे आण्णांनाही कळत असणार. आण्णा तसेच परत आत आले. एकानं शब्द पाळला होता, दुसऱ्यानंही पाळला होता. चूक कोणाची म्हणायची?

पुढच्या वर्षी आबांना आम्ही जवळजवळ उचलूनच नगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूच्या मागे काचबिंदू आहे, आतली नस सुकली. अगोदर आणलं असतं तर काही नजर राखता आली असती. येताना एसटीत आबा खिडकीशी बसले आणि सगळ्या रस्त्याला बाहेर बघत राहिले.

त्याच सुमारास शेठनी आण्णांना नगरच्या एका स्टुडिओत नेलं. काचेच्या खोलीत बसवून त्यांचा आवाज भरून घेतला. दिवाळीची जाहिरात, लग्नसराईची जाहिरात. आण्णा घरी आले ते आनंदात. स्वतःचा आवाज त्यांनी पहिल्यांदा बाहेरून ऐकला होता. "नंदे, मला वाटलं दुसराच कोनी हाय. बरा बोलतोय गडी." त्या बऱ्या बोलणाऱ्या गड्यानं आण्णांचं काम नेलं. दिवाळीच्या फेऱ्या जवळ आल्या, तरी टेम्पो आण्णांना न्यायला आला नाही. आण्णा दोनदा नेवाशाला जाऊन आले, मग गेले नाहीत. शेठ वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "आण्णा, आवाज तुमचाच चालतोय ना?"

दिवाळीच्या आधीची दुपार होती. हंगाम अजून सुरू व्हायचा होता. आण्णा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते, आई परातीत पीठ मळत होती. आबा ओट्यावर. लांबून आवाज आला. "बंधूंनो आणि भगिनींनो..." आईचे हात थांबले. टेम्पोवर नवा ड्रायव्हर होता, कुठल्या तरी दुसऱ्या गावचा पोरगा. त्याला बाभळीचं कोणी सांगितलं नव्हतं. आवाज बाभळीपाशी आला, आणि तुटला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो ओढा ओलांडून वस्तीत शिरला, भिंतींवर आपटला, आमच्या पडवीच्या पत्र्यावर थरथरला. मी आण्णांकडे पाहिलं. ते उठून उभे राहिले होते, पण जागचे हलले नव्हते.

बाहेर आबा धडपडत उठले. हातानं ओट्याची कड चाचपत ते रस्त्याच्या बाजूला सरकले. डोक्यावर पटका नव्हता, म्हणून एका हातानं केस नीट केले.

"आला का रं?" ते म्हणाले. "थांब. येतो."

आवाज म्हणाला, रंगाची खात्री, काठापदराची खात्री.

"थांब की, लेका. पाय सापडंना माहा."

आवाज दारापुढून गेला. वळणावरून गेला. आबा तोंड त्याच्यामागे फिरवत राहिले, सूर्यफूल फिरतं तसं. मी पुढे झाले, पण माझ्या आधी आण्णा बाहेर गेले. त्यांनी आबांचा हात धरला.

"आबा, मी हितं हाय."

आबांनी तो हात चाचपला. मनगट, कोपर, मग चेहरा. नाकाशी त्यांची बोटं थांबली. त्यांना पटत नव्हतं.

"मंग त्यो कोन गेला?"

"ती जाहिरात हुती, आबा."

लांब, पुढच्या गावाच्या वाटेवर, आण्णांचा आवाज अजून बारीक बारीक येत होता. आबांनी त्या दिशेला कान दिला, मग तो काढून घेतला, आणि जवळच्या माणसाकडे तोंड केलं.

"असं व्हय. मंग तू बोल."

दहा गावांना बोलावणारा तो माणूस ओट्यावर आबांच्या शेजारी बसला. आई दारात पिठाचे हात घेऊन उभी होती. इतक्या वर्षांचं बोलायचं साठलं होतं, आणि आण्णांना काहीच सुचत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "आबा, जेवायला चला."

त्या दिवशी आबा पाणी प्यायले. आण्णांच्या हातून, आण्णांच्या तांब्यानं.